चुंबकाच्या दारातले आबा

"खिसे उलटे करा."

समोर रुग्णालयाचे विश्वस्त असोत की फरशी पुसणाऱ्या मावशी, आबांचं पहिलं वाक्य हेच. आधी स्वतःचे दोन्ही खिसे कुत्र्याच्या कानांसारखे बाहेर लोंबत सोडायचे आणि मग समोरच्याकडे बघत उभे राहायचे. लोक हसायचे, चिडायचे आणि शेवटी खिसे उलटे करायचे.

आबा वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दारूगोळ्याच्या शेडमध्ये त्यांची उभी हयात गेली. तिथे ठिणगी उडू नये म्हणून पितळेची हत्यारं वापरतात आणि दारात सगळ्यांची झडती होते, साहेबांचीसुद्धा. नंतर ते आमच्या जळगावच्या रुग्णालयात देखभालीच्या कामाला लागले. मी तिथे एमआरआयचा तंत्रज्ञ.

आमच्या डॉक्टर मॅडम मेंदूच्या शस्त्रक्रिया करायच्या. मेंदू आणि गाठ डोळ्यांना बरेचदा सारखेच दिसतात, म्हणून थोडी गाठ मागे राहून जाते. मॅडमना ऑपरेशन अर्धं झाल्यावर, कवटी उघडी असतानाच, पेशंटला शेजारच्या एमआरआयमध्ये न्यायचं होतं. काय उरलंय ते बघायचं आणि परत येऊन काढायचं. पण एमआरआय म्हणजे अखंड चालू असलेलं अजस्र चुंबक. साधी कात्री आत गेली तरी ती हातातून सुटून थेट पेशंटच्या डोक्याकडे झेपावते.

मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, "हे मुंबईत ठीक आहे. इथे नका या भानगडीत पडू."

आबांनी त्याला शांतपणे विचारलं, "जळगावच्या माणसाची कवटी काय पत्र्याची रायते?"

त्या दिवसापासून एमआरआयचं दार आबांचं झालं. असोद्याहून त्यांनी केळीचा अख्खा घड आणला, ट्रॉलीवर निजवला, त्याच्यावर हिरवी चादर घातली आणि डोक्याच्या जागी पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. थिएटर ते चुंबक, चुंबक ते थिएटर. वाटीतलं पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर आम्ही त्या घडाची सेवा केली. तो पिकला की दुसरा यायचा, आणि पिकलेला आम्ही सगळे खायचो.

पहिली पेशंट धुळ्याच्या शाळेतली बाई होती. गाठ बोलण्याच्या जागेला खेटून. मॅडमना ती म्हणाली होती, "वर्गात बोलता येणार नसेल, तर वाचून मी काय करू?"

ऑपरेशन अर्ध्यावर आलं. ट्रॉली निघायची वेळ झाली आणि सिस्टरची मोजणी चुकली. स्टीलची एक बारीक क्लिप कमी भरत होती. दोनदा मोजलं, तरी कमीच. आबा दारात आडवे आले.

"बाजूला व्हा, आबा," मॅडम म्हणाल्या. "डोकं उघडं आहे तिचं. हे माझं ऑपरेशन आहे."

"ऑपरेशन तुमचं, मॅडम. दार माझं. कलेक्टर आला तं त्यालेबी नई सोडणार."

मॅडमचा आवाज चढला. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत होते. मला तर आबांचा रागच आला. ती बाई तिथे तशी पडलेली आणि हा म्हातारा हट्टाला पेटलेला. शेवटी क्लिप सापडली. पेशंटच्या मानेखालच्या चादरीच्या घडीत होती, म्हणजे तिच्याबरोबरच आत गेली असती.

स्कॅनमध्ये मागच्या बाजूला चिंचोक्याएवढी गाठ उरलेली दिसली. मॅडमनी ती काढली. दुसऱ्या दिवशी बाईंनी डोळे उघडले आणि घरच्या अहिराणी बोलीत विचारलं, "मना चष्मा कोठे शे?" वॉर्डच्या दारात उभे असलेले आबा भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

गेल्या वर्षी आबांना छातीत पेसमेकर बसवला. चुंबक त्या यंत्राला बिघडवू शकतं. तीन आठवड्यांनी मॅडमचं तसंच एक ऑपरेशन होतं, आणि आबा नेहमीसारखे येऊन उभे राहिले. आता त्यांच्या जागी दारात मी होतो.

"आबा, तुम्हाला पुढे येता येणार नाही."

"नुसता उंबऱ्यात उभा राहीन."

"उंबऱ्यातही नाही."

"कोनाशी बोलून रायला, ठाऊक हाये ना?"

"ठाऊक आहे. म्हणूनच."

ते एक पाऊल पुढे आले. मी दोन्ही हात पसरले. बापाला घराबाहेर काढावं तसं मला वाटत होतं, पण मी हललो नाही. आबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. झडती घेताना पाहायचे तसं नाही, निराळंच.

मग ते मागे वळले. त्यानंतर ते रुग्णालयात कधी आले नाहीत. जाता जाता व्हरांड्यातून त्यांचा आवाज तेवढा आला, "आता कोनालेच सोडू नको."

आत डोकं उघडं असलेला माणूस वाट बघत होता. मी दार ओढून घेतलं.