चढा भाव

मी चौथी नापास, पण भाव आपल्याला कळतो अशी माझी घमेंड होती. नारायणगावच्या बाजारात ज्या टोमॅटोला चढा भाव, तो माल चांगला. यात शिकायचं काय?

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. कळंबला चहाच्या टपरीवर टीव्हीवर क्रिकेटची मॅच लागली होती. सट्टा घेणारा भाव सांगत होता, "ही टीम जिंकली तर रुपयाला वर चार आणे, ती जिंकली तर रुपयाला वर तीन रुपये." मी बेधडक तीनवालीवर शंभर लावले. भाव चढा म्हणजे टीम दमदार! ती टीम दिवस मावळायच्या आत आपटली.

"पावणं, ह्यो काय कांद्याचा भाव हाय व्हय?" सट्टेवाला म्हणाला अन् सगळी टपरी हसली.

घरी बायकोला सांगितलं. तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. वाल सोलता सोलता म्हणाली, "अवो, फुकाट तीन रुपये कोण देतंय? चार दाण्यांत एक उगवंल, आसलं बी हाय ते. म्हणून भाव चढा. चार आण्यावालं पाचात चार उगवणारं. आन् त्यो आपली आडत आधीच कापून भाव सांगतोय. बोललाय त्याच्याहून कमीच उगवंल."

त्या दिवशी मला भाव कळला. परत सट्टा लावला नाही.

पुढं काही वर्षांनी ती आजारी पडली. पुण्याचा डॉक्टर म्हणाला, "ऑपरेशन केलं तर चारात एक वाचतो. नाही केलं तर महिना-दोन महिने." माझा मेव्हणा, तिचा सख्खा भाऊ, मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, घरी न्या. परत चढ्या भावावर लावताय व्हय?"

मी तिच्या खाटेपाशी गेलो.

"काय भाव दिला डॉक्टरनं?" तिनं विचारलं.

"रुपयाला तीन."

ती हसली. "म्हंजी एक दाणा हाय की. पेरा."

पेरला. उगवला नाही.

मेव्हणा अजून लग्नाकार्यात चारचौघांत म्हणतो, "तवाच सांगितलं व्हतं." काय सांगितलं होतं रे? टपरीवर मी चुकलो, कारण भाव न कळता लावला. दवाखान्यात भाव कळून लावला, तिला विचारून लावला. हरलो. चुकलो न्हाई.

उद्या ती परत त्या खाटेवर असली अन् डॉक्टर शंभरात एक म्हणाला, तरी पेरीन. मग हस तू खुशाल, मेव्हण्या.