सासूबाईंच्या आईचा डावा हात

आधीच सांगून टाकतो – भूत, भानामती, साक्षात्कार, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मगरीवर मात्र बसला होता...

झालं असं, की एक व्हिडिओ आला. लिफ्टचं दार उघडतं आणि आतून एक मगर, ऑफिसला निघाल्यासारखी, शांतपणे बाहेर येते. आता आम्ही बडोद्याचे. विश्वामित्रीला पूर आला की मगर कुणाच्या अंगणात सापडेल याचा इथे नेम नाही. मी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला – 'आपल्या गोत्री भागातलाच आहे. लिफ्ट जपून वापरा.' घरात माझं बोलणं मनावर घेणाऱ्या एकट्या सासूबाई. गुडघे दुखत असताना बिचाऱ्या दोन दिवस जिन्याने चढल्या-उतरल्या! शेवटी माझा मेहुणा प्रसाद याने लिहिलं, "जिजाजी, मगरीचे पाय मोजा."

मोजले. पाच होते.

त्या दिवसापासून मी एआय ओळखायचा विडाच उचलला. कुणी काही पाठवलं की माझं उत्तर तयार – सावली बघा, मागच्या पाट्यांवरची अक्षरं वाचा, आणि सर्वांत आधी बोटं मोजा! बायको, नीता, म्हणायची, "अहो, आता 'गुड मॉर्निंग'च्या फुलांच्या पाकळ्या तरी मोजू नका."

अशात सासूबाईंची पंचाहत्तरी आली. त्या सात वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. तिचा एकच फोटो उरलाय – खुर्चीत बसलेली, दोन्ही हात पदराखाली, चेहरा इतका पुसट की नुसतं नाक समजावं. तो नीट करून मोठा करायचं ठरलं, आणि घरातला तज्ज्ञ म्हणून काम माझ्याकडे आलं. फोटो हातात देताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "जावईबापू, चेहरा स्पष्ट करा, पण दुसरीच बाई आणू नका हं. मला आता तिचं फारसं आठवत नाही. खोटी आणलीत तर मी तिलाच आई समजून बसेन."

हे ऐकल्यावर मी खरं तर केवढी काळजी घ्यायला हवी होती!

लहरीपुऱ्याजवळच्या एका स्टुडिओत फोटो दिला. आणायला गेलो तेव्हा मालक म्हणाले, "जुओ अंकल, फेस एकदम नॅचरल आव्यो छे." खरंच, चेहरा छान उतरला होता. मी खूश होऊन त्यांना एआयचे फोटो कसे ओळखावेत यावर अर्धा तास भाषण दिलं. त्या अर्ध्या तासात त्यांनी फ्रेम कागदात गुंडाळून, दोरी बांधून माझ्या हातात दिली.

पंचाहत्तरीच्या दिवशी औक्षण झालं, सगळ्यांसमोर मी कागद फाडला. टाळ्या वाजल्या. आणि त्या टाळ्यांत प्रसादचा आवाज – "जिजाजी... बोटं मोजलीत का?"

स्टुडिओतल्या एआय सॉफ्टवेअरने आपल्या मनाने डावा हात पदराबाहेर काढून गुडघ्यावर ठेवला होता. त्याला बोटं सहा. करंगळीला चिकटून एक इवलंसं, वाकडं.

हसण्याचा असा स्फोट झाला की शेजारचे पटेलकाका "शुं थयुं?" करत दारात आले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "आत्ताच्या आत्ता बदलून आणतो," म्हणत मी फ्रेम ओढली... तर ती सुटेना. सासूबाईंनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. त्या इवल्या बोटावरून त्यांचा अंगठा फिरत होता. "हेच धरून झोपायचे मी."

त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली.

"लोक चिडवायचे म्हणून ती हात सतत पदराखाली ठेवायची. ती गेल्यावर घरात कुणी तिचं नावच काढलं नाही. मग मलाच वाटायला लागलं, ते बोट म्हणजे माझ्या मनाचाच खेळ असेल. म्हणून कधी कुणाला बोलले नाही... तुम्हाला कुणी सांगितलं?"

कोण सांगणार? नीताला माहीत नव्हतं, प्रसादला माहीत नव्हतं. आणि सासूबाई एकीकडे डोळे पुसत होत्या, एकीकडे खुदूखुदू हसत होत्या, पटेलकाकांना बोलावून दाखवत होत्या – "आ मारी बा!" त्या दिवशी त्यांनी श्रीखंड तीनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेलो. मालकांनी कानाला हात लावले – "भूल थई गई, अंकल." तोच फोटो पुन्हा पुन्हा करून बघितला. दर वेळी हात पदराखालीच, नाहीतर पाच बोटांचा. मूळ फोटो भिंगातून पाहिला, तिथे नुसता पदर. एआय बोटांत चुकतं, हे मीच सगळ्यांना सांगत फिरतो. असला फोटो पुरावा नसतो, हेही मीच सांगतो. पण नेमका डावाच हात? नेमकं करंगळीशेजारी? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा.

रात्री नीताला म्हटलं, "निदान योगायोग तरी म्हण."

ती दिवा मालवत म्हणाली, "जन्मात एकदा तुमच्या बडबडीचा उपयोग झाला. गप्प राहून बोटं मोजली असतीत, तर तिथेच बदलून माझी आजी पाच बोटांची करून आणली असतीत."