तारामतीनं धुतलेला घाट

तारामतीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्याच्या चरवीत ती आधी बोट बुडवून बघायची. पाहुणा "सहज आलो होतो" म्हणाला की तिच्या कपाळाला आठी पडायची, कारण सहज कुणी कुणाकडं येतं हे तिला पटतच नसे. तिचे वडील किनवटला जंगलनाक्यावर कारकून होते आणि गवताच्या गाडीत तळाला सागवान कसं लपवतात, हे तिनं परकरात असतानाच पाहिलं होतं. गवत दिसलं की खाली हात घालून बघायचं, एवढंच शिक्षण तिनं घेतलं. शाळा काही झाली नाही.

लग्न होऊन ती नांदेडला शेषेरावांच्या घरी आली. शेषेराव तामिरात खात्यात, म्हणजे निजाम सरकारच्या बांधकाम कचेरीत, ट्रेसर होते. इंजिनेरानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पातळ निळसर कापड ताणायचं आणि खालची रेघ न रेघ काळ्या शाईनं वर उतरवायची, हे त्यांचं काम. माणूस सरळ, पण शब्दाला महाग. बायकोनं दहा प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर द्यायचे, तेही जेवण झाल्यावर.

त्या निळसर कापडाचं एक गुपित होतं आणि ते ट्रेसरांच्या बायकांनाच ठाऊक होतं. कापड खळ घालून घोटलेलं असायचं. कढत पाण्यात टाकलं की खळ सुटायची, खळीबरोबर शाई सुटायची आणि हातात अशी मलमल उरायची की बाजारात मागून मिळाली नसती. कचेरीत रद्द झालेले नकाशे कारकुनांच्या घरी यायचे. नांदेडातली कितीतरी लेकरं पुलांच्या आणि तुरुंगांच्या नकाशांची झबली घालून रांगली.

शेषेरावांच्या घरात लेकरू नव्हतं. रद्दीतून ते बरीच जागा कोरी राहिलेली कापडं निवडून आणायचे आणि दर जुम्म्याच्या सुट्टीला टेप घेऊन गोदावरीवर जायचे. जुना दगडी घाट, त्याच्या पायऱ्या, दिवे ठेवायचे कोनाडे, पाथरवटांनी दगडावर कोरलेल्या खुणा, पैसा देणाऱ्यांची झिजलेली नावं, सगळं मोजून कापडावर उतरवायचे. बारा वर्षांत तेवीस कापडं झाली. ती एका पत्र्याच्या नळीत घालून ज्वारीच्या कणगीमागं ठेवलेली असत. तारामती म्हणायची, "नदी कुठं पळून चाललीय का?" शेषेराव नळीचं झाकण लावायचे. पण अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात कुणा गुत्तेदारानं, म्हणजे ठेकेदारानं, घाटाचे दगड उपसून गाड्या भरून नेले, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. घाट गेला आणि नळी उरली. त्यानंतर तारामतीनंही नळीवरची धूळ पुसायला सुरुवात केली, न सांगता.

साल मोठं वाईट होतं. पैनगंगेपलीकडं, निजामाच्या हद्दीबाहेर, चळवळीच्या पोरांनी छावण्या टाकल्या होत्या. अलीकडं रझाकारांचं फिरणं आणि पोलिसांच्या झडत्या. कुणाच्या घरात नुसता नकाशा सापडला तरी माणूस आत जायचा. मग तो नकाशा पुलाचा आहे की देवळाचा, हे बघायला कुणी थांबायचं नाही. पत्रं फोडून वाचली जात. अशात आषाढात शेषेराव रस्त्याखालच्या मोरीच्या मोजणीसाठी पंधरा दिवस हिमायतनगरला गेले. जाताना एवढंच म्हणाले, "कुणी काही विचारलं तर आपल्याला ठाऊक न्हाई म्हणायचं."

तारामतीला एवढी ताकीद द्यायची खरं तर गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी दारात भुजंग उभा राहिला. हा स्टेशनाजवळचा फोटोवाला, दोन वर्षांपूर्वी लातुराहून आलेला. लग्नाचे फोटो काढायचा, मढ्याचे काढायचा आणि चौकीसमोर खुर्च्या मांडून पोलिसांचेही काढायचा. उर्दू फर्डं बोलायचा. तारामतीला तेवढंच पुरलं. तिनं दार अर्धंच उघडलं.

"वहिनी, शेषेरावांनी कापडं द्यायची कबूल केली होती. घाटाची. फोटो काढून चार दिवसांत परत आणून देतो."

"कसली कापडं? आमच्याकडं तसलं काही न्हाई."

तो हसला, नमस्कार करून गेला. त्याच्या हसण्यात काय होतं याचा तिनं भाकरी थापताना विचार केला आणि एक भाकरी करपली.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी आवाज हळू. "वहिनी, उशीर नको व्हायला. दिवस बरे न्हाईत. नळी कणगीमागं हाय ना? मला ठाऊक हाय."

ही जागा जगात दोनच माणसांना माहीत होती. दुसरी कुणी बाई म्हणाली असती, मग नवऱ्यानंच सांगितलं असेल. पण शेषेराव घरच्या बायकोला पुरतं सांगत नसत, ते या परक्याला सांगतील? तिच्या मनानं घेतलं की हा माणूस ती नदीवर गेलेली असताना घरात शिरून बघून गेला. तिनं दार लावलं, कडी घातली आणि कणगीमागची नळी काढून सरपणाखाली सारली.

असं काही पोटात ठेवून बसणं मात्र तिच्यानं होईना. संशय एकटीनं बाळगायचा म्हणजे फार जड जातं. शेजारी गुणाबाई होती. भिंतीपलीकडची, बोलकी, लेकीचं पहिलं बाळंतपण घरी आलेलं. तारामती भिंतीवरून म्हणाली, "गुणाबाई, तो फोटोवाला आमच्याकडं नकाशे मागायला येऊन राहिला. मला तर तो चौकीचा माणूस वाटतो. तुम्ही कुठं बोलू नका."

"छे बाई, मी कशाला बोलू?" गुणाबाई म्हणाली. आणि ती तसं मनापासूनच म्हणाली होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी गल्लीत बातमी आली की भुजंगाला पोलिसांनी दुकानातून उचललं. कॅमेराही नेला.

दुसऱ्या कुणाचा संशय इथं फिटला असता. चौकीचा माणूस असता तर चौकीनं त्याला कशाला धरलं असतं? तारामतीनं हेही उलटंच वाचलं. भांडण झालं असेल आपसात, ती मनाशी म्हणाली, आणि आता सुटण्यासाठी हा आपलं घर दाखवणार. नवरा हिमायतनगरला. पत्र लिहावं तर ते आधी पोलिसच वाचणार. नळी पुरावी तर अंगणात ओली माती उकरलेली दिसणार. जाळावी तर त्या कापडाचा उग्र वास गल्लीभर जाणार. तिला नवरा हवा होता. तो साखळदंडात जाऊ नये, याखेरीज तिला त्या घटकेला काही सुचत नव्हतं.

भर दुपारी तिनं अंगणातल्या चुलवणावर पाण्याचा हंडा चढवला. पाणी कढल्यावर एकेक कापड उलगडून आत सोडलं. तेवीस कापडं. सोडण्याआधी प्रत्येकाकडं तिनं बघितलं, कारण आजवर कधी नीट बघितलं नव्हतं. एका कापडावर नदीत उतरणाऱ्या चौसष्ट पायऱ्या होत्या, केसांसारख्या बारीक. एका पायरीच्या कोपऱ्यात कपडे आपटायचा दगडसुद्धा काढला होता. तोच दगड, ज्यावर ती लग्न झाल्यापासून धुणं धूत आली होती. तिनं काठीनं कापड खाली दाबलं. पाणी आधी निळं झालं, मग काळं.

शेवटी शेवटी तर तिला रडू फुटलं आणि आपण कशासाठी रडतोय हे तिला धड सांगता आलं नसतं. पाणी तिनं परसातल्या केळीला ओतलं. श्रावण नुकता लागला होता, ऊन चांगलं होतं. कापडं दोरीवर वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार आला, बरोबर दोन शिपाई. कणगी हलवली, सरपण उपसलं, देव्हारासुद्धा पाहिला. नळी सापडली, रिकामी. जमादारानं ती डोळ्याला लावून आरपार बघितली. मग त्याची नजर दोरीवर गेली.

"बाई, घरात लेकरू न्हाई म्हणता. मग एवढी दुपटी कुणाची?"

उत्तर भिंतीपलीकडून आलं. "माझ्या लेकीची हायेत, जमादारसाहेब," गुणाबाई म्हणाली. "दिवस भरलेत तिचे. ट्रेसराच्या घरची मलमल लई मऊ असते, म्हणून म्या मागितली."

जमादारानं मान डोलावली. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याला भूक लागली होती आणि घरी जायचं होतं. जाता जाता तो म्हणाला, "फोटोवाल्याला कालपासून झोडून राहिलो. तोंड उघडत न्हाई. कुणाकडं जायचास, विचारलं तर मुका. आम्हाला तर तुमच्या गल्लीतल्या बायांच्या बोलण्यावरूनच कळलं, तो नकाशे मागत फिरून राहिला म्हणून. न्हाईतर त्याला कोण धरत होतं?"

भिंतीपलीकडं गुणाबाईचं डोकं खाली गेलं. तिनं फक्त दिराला सांगितलं होतं. दिरानं पानाच्या दुकानावर. तारामती तिथंच दोरीखाली बसली. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या गाड्यांत हात घालून बघितला, आणि खाली दडवलेलं लाकूड निघालं ते तिच्याच गाडीत.

शेषेराव आले तेव्हा तिनं त्यांना आधी जेवू घातलं, मग सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, गुणाबाईचंही नाही. ते हात न धुता तसेच बसून राहिले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"भुजंगाला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "फोटो काढून निगेटिव्हच्या काचा लातूरला बहिणीकडं ठेवणार होता. घाट गेला, कापडं तरी दोन ठिकाणी असावीत म्हणून."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तुझ्या पोटात राहत न्हाई म्हणून."

त्यांनी बायकोवर विश्वास ठेवला नाही, हे त्यांचं चुकलं म्हणावं, तर तिनं ते आठ दिवसांत खरं करून दाखवलं होतं. पण त्यांचंही चुकलंच. हे त्यांना कळलं होतं, कारण त्या दिवसापासून ते जेवताना बोलायला लागले. कचेरीतलं, रस्त्यावरचं, काहीबाही. उशीर झाला होता, पण बोलायला लागले.

भाद्रपदात सरकार बदललं. हिंदुस्थानच्या फौजा आल्या, निजामाचा अंमल संपला, तुरुंग उघडले. आश्विनातल्या एका सकाळी भुजंग दारात आला. तारामतीनं आधी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, उजवा हात गळ्यात बांधलेला, दोन बोटं वाकडी. ती बोटं आता कॅमेऱ्याचं बटण दाबणार नव्हती, हे बघणाऱ्याला कळत होतं.

शेषेरावांनी त्याला धरून आत आणलं, बैठकीवर बसवलं. तारामतीनं पाणी दिलं. दोन घोट घेऊन त्यानं तिच्याकडं बघितलं. डोळ्यांत कसलाही राग नव्हता. उलट एक प्रकारचा अभिमानच होता.

"वहिनी, मी तुमचं नाव घेतलं न्हाई. शेषेरावांचंबी न्हाई. पहिले नऊ दिवस लई मारलं. म्हटलं, मारू द्या. मी तिकडं गप हाय तोवर इकडं घाट सुखरूप हाय." त्यानं आत, कणगीच्या दिशेनं बघितलं. "कापडं नीट हायेत ना?"

शेषेरावांनी तारामतीकडं बघितलं आणि मान किंचित हलवली. सांगू नको, असं. हायेत म्हण, इतकंच म्हण. नवऱ्याचा इशारा तिला स्पष्ट दिसला. माणूस आजारी होता, खोटं बोलणं दयेचं होतं, आणि खोटं खपलंही असतं.

पण दुसऱ्याला अर्धवट सांगून काय होतं, हे तिनं त्या वर्षी पुरतं बघितलं होतं.

"न्हाईत, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हाला धरलं त्याच दिवशी म्या धुऊन टाकली. तेवीसच्या तेवीस. तुम्ही आमचं घर दाखवाल असं वाटलं मला."

ती तेवढ्यावर थांबली नाही.

"आणि तुम्हाला धरून दिलं तेबी माझ्याच तोंडानं. म्या शेजारी बोलले, तुम्ही चौकीचे हाव म्हणून."

भुजंगानं तांब्या डाव्या हातानं खाली ठेवला. ठेवताना पाणी थोडं सांडलं. त्यानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं.

"पहिलं सांगितलं ते बरं केलं, वहिनी," तो म्हणाला. "दुसरं सांगायचं न्हवतं."