बस म्हणेपर्यंत

मंगरूळपीरला वाशीमच्या रस्त्यावर जमशेद मिस्त्रीचं गॅरेज आहे. डिझेल गाडीचा टर्बो म्हटला की कारंज्यापासून मालेगावपर्यंतचे लोक त्याच्याकडं येत. येत, असं म्हटलं मी. दोन वर्षं झाली, येत नाहीत, कारण जमशेद ते काम हातातच धरत नाही. ऑइल बदलून देतो, ब्रेक करून देतो. टर्बोचं नाव काढलं की म्हणतो, "आपल्याकडून होत नाई आता. वाशीमले जा."

टर्बो म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोडं अडायला नको. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि त्याच्याच जोडीचा दुसरा पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त गेली की डिझेल नीट जळतं आणि गाडीची ओढ वाढते. किती दाबानं कोंबायची याला हद्द असते. ती हद्द राखायला बाजूला एक डबी असते, तिची एक दांडी असते. दाब हद्दीला आला की दांडी झडप उघडते आणि जादा धूर बाजूनं निघून जातो. त्या दांडीवरचा नट आवळला की झडप उशिरा उघडते, दाब वाढतो. काम इतकं सोपं आहे, म्हणून तर गाढवांचं फावतं. हातात पाना आला की दिला आवळून. आठ दिवस गाडी पळते, मालक मिशीला पीळ देत फिरतो आणि नवव्या दिवशी पिस्टन वितळतो. मग म्हणतात, गाडीच पनवती होती.

जमशेद तसं करत नसे. आधी टर्बोचा पंखा बोटानं हलवून बघायचा, ढिला असेल तर गाडी परत. मग पाइपांच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी टाकायचं, कुठं बुडबुडा येतो का पाहायचं. मग नट अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, फिरवायचा. एक नाही, अर्धा. तेवढं करून शेलूबाजारच्या रस्त्याला चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबायची, दाबाच्या मीटरचा काटा कुठवर जातो ते पाहायचं, धूर काळा येतो का ते पाहायचं, थांबायचं, इंजिन निवू द्यायचं आणि मग पुढचा अर्धा आटा. एका गाडीला अख्खा दिवस जायचा.

आता चढावर पूर्ण दाबलेली गाडी हाकायची आणि त्याच वेळी काटाही वाचायचा, हे एका माणसाचं काम नव्हे. काटा वाचायची लतीफा, त्याची बायको. मीटर डाव्या बाजूला तिच्यापुढं चिकटपट्टीनं बांधलेलं असे. चुलीवरची डाळ उतरवून, ओढणी सारखी करून ती गाडीत येऊन बसायची आणि चढ लागला की वाचायला लागायची, "साडेबारा... पावणेतेरा... तेरा..." हद्दीला काटा आला की आकडा म्हणायची नाही. म्हणायची, "बस." तो शब्द पडला की जमशेदचा पाय आपोआप वर यायचा. अठ्ठावीस वर्षं. घरात दोघांचं फार गुळपीठ होतं असं काही नाही. मिठावरून भांडण, पाहुण्यांवरून भांडण, पंख्याच्या बटणावरून भांडण. पण गाडीत बसल्यावर ती आकडे म्हणायची आणि तो ऐकायचा, आणि त्या दोघांना त्याहून जास्त काही लागतही नसे.

चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि लतीफा गेली. चाळिसावा झाल्यावर जमशेदनं एकदा एकट्यानं जाऊन पाहिलं. काट्याकडं नजर गेली तेवढ्यात गाडी रस्ता सोडून बाभळीत शिरली. खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून त्यानं मीटर खोक्यात ठेवून दिलं.

मुलगी आयत अकोल्यात. जावई परवेजचं तिथं तयार कपड्यांचं दुकान. आयत दर शुक्रवारी फोन करायची आणि फोन ठेवताना म्हणायची, "अब्बा, बंद करा ते गॅरेज. इकडं या." जमशेद म्हणायचा, "हातातलं काम गेलं की येतो." काम तर अर्धं गेलंच होतं. रोज संध्याकाळी एका माणसापुरता भात लावताना त्याच्या मनात यायचं, टर्बोशिवाय आपण इथं काय करून राह्यलो? ऑइल तर कोणीही बदलतं. राहायचं की जायचं, हा एकच घोर त्याच्या जिवाला लागला होता, आणि तो बोलून दाखवायला घरात कोणी नव्हतं.

अशात एका मंगळवारी किन्हीराजाकडच्या तांड्यावरचा धनराज आला. जुनी जीप, तिच्यात कोणीतरी दुसऱ्या गाडीचं टर्बो इंजिन बसवलेलं. दिवाळीनंतर तांड्यावरची माणसं घेऊन ऊसतोडीला जायचं, घाट चढायचे, म्हणून त्याला ओढ वाढवून पाहिजे होती. एका मिस्त्रीनं दांडी आवळून दिली होती. गाडी घाटात काळा धूर ओकत होती आणि पाणी उकळत होतं.

"चाचा, सगळे म्हनते तुमीच करसान," धनराज म्हणाला.

जमशेदनं बॉनेट उघडलं. दांडीचा नट बघितला आणि त्याचं डोकंच फिरलं. "चार आटे! ह्यानं काय लग्नाचा मांडव आवळला काय?" शिव्या देतच त्यानं पाना उचलला. उचलला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण काम घेतलं. त्यानं मनाशी ठरवलं, ही एक गाडी करून पाहायची. जमली तर गॅरेज चालू, नाही जमली तर शुक्रवारची वाट न पाहता आयतला फोन करायचा आणि अकोला.

धनराजला तहसीलमध्ये दाखल्याचं काम होतं, तो गेला. त्याची आई हिरीबाई मात्र जीपमधून उतरायला तयार नाही. गाडी घेऊन महिना झाला होता आणि म्हातारीचा कोणत्याच मिस्त्रीवर विश्वास नव्हता. ती डाव्या सीटवर पदर खोचून बसली ती बसली. जमशेदनं दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

त्यानं नट मुळावर, म्हणजे कंपनीच्या मूळ जागेवर आणला, पंखा बघितला, साबणाचं पाणी टाकलं. एक जोड बुडबुडे सोडत होता, तो बदलला. मग खोक्यातून मीटर काढलं. नळी आखूड, ती डावीकडंच पुरत होती. काचेवर पंधराच्या रेघेवर त्यानं लाल रंगाचा ठिपका दिला.

"हिरीबाई, तुमाले आकडे वाचता येते काय?"

"नाई बाप्पा."

"हरकत नाई. हा काटा ह्या लाल ठिपक्यावर आला की मले 'बस' म्हना."

शब्द तोंडातून गेल्यावर तो जरा थांबला. दुसरा शब्द देता आला असता. पण पायाला तोच माहीत होता.

अर्धा आटा आवळून ते निघाले. चढ लागला, जमशेदनं तिसरा टाकला आणि पाय दाबला. इंजिन भरून ओढू लागलं. दोन वर्षांनी तो ओढीचा धक्का पाठीला लागला आणि त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. तेवढ्यात डावीकडून, "बस!"

पाय वर. अर्ध्या आट्यातच पंधरा? हे कसं होईल? उतरून त्यानं नट परत सोडला. पुन्हा खाली येऊन पुन्हा चढ. अर्ध्या चढावर, "बस!" आता तर नट मुळावर होता. मुळावरचा दाब बाराच्या वर जायलाच नको. त्यानं नळी तपासली, डबी काढून फुंकून पाहिली, झडप हातानं हलवली. सगळं ठीक. तिसऱ्यांदा गेला. "बस!" आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं चाललं होतं त्याचं, पण ते त्याला कुठून कळणार? खरं तर त्याच्या पाठीला कळत होतं की गाडी तेवढी ओढत नाही. पण पाठीपेक्षा त्याचा त्या शब्दावर विश्वास जास्त. अठ्ठावीस वर्षांत तो शब्द एकदाही खोटा पडला नव्हता.

त्यानं जीप कडुनिंबाखाली लावली. दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवून टर्बो निवू दिला आणि मग बंद केली. हे तो झोपेतही विसरला नसता. पण दोष काही सापडत नव्हता. हात गेले आपले, त्याला वाटलं. हात गेले, म्हणजे सगळंच गेलं. सीटवर बसल्या बसल्याच त्यानं आयतला फोन लावला.

आयत मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळं बापलेकीचं बोलणं अर्धं उर्दू, अर्धं मराठी. तो म्हणाला, "बेटा, मी येतो. गॅरेज बंद करतो ह्या महिन्यात."

आयत म्हणाली, "अभी? ...नाही म्हणजे, या ना अब्बा. पण असं आहे, त्या मागच्या खोलीत परवेजनं दुकानाचा माल ठेवला आहे. छतापर्यंत पेट्या आहेत. ईद होऊ द्या, मग पाहू. चालेल ना?"

"हो हो. मी असंच विचारलं."

"तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे. ठेवतो."

पोरगी वाईट नव्हती हो. बापाच्या गोळ्या ती आठवणीनं पाठवायची. पण दर शुक्रवारी म्हटलेलं खरं करायची वेळ एका मंगळवारी दुपारी आली, तेव्हा तिला पेट्या आठवल्या. जमशेद मांडीवर फोन ठेवून बसून राहिला. त्याला राग आला नाही. जीप बंद होती. रस्ता मोकळा होता.

"बस," हिरीबाई म्हणाली.

जमशेदनं मीटरकडं पाहिलं. काटा शून्यावर. इंजिन बंद, काटा शून्यावर, आणि ही म्हणते बस. "काय म्हनलं?"

"बस आली नं. ते काय." तिनं पुढं हनुवटी केली. वळणावरून एसटी येत होती.

"मंघापासून तुमी एसटीले बस म्हनून राह्यल्या?"

"मंग कोनाले? तो काटा त ठिपक्याच्या जवळबी नाई गेला. मी पाहूनच राह्यली." हिरीबाईला याचं नवल वाटलं नाही. त्यांच्या तांड्यापाशी गाडी थांबा नसल्यासारखीच जाते. म्हणून ज्याला ती आधी दिसेल त्यानं ओरडायचं, मग बाकीचे बोचकी घेऊन पळतात. जन्मभराची सवय. बस दिसली आणि आपण गप्प बसलो, असं तिच्या हातून कधी झालंच नव्हतं. शाळा सुटायच्या वेळी त्या रस्त्याला एसट्याही एकामागं एक असतात.

जमशेद हसायला लागला. स्टेअरिंगवर डोकं टेकून हसला. मग त्या हसण्याचं रडणं झालं. हिरीबाईनं तोंड फिरवलं नाही. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढं धरली आणि म्हणाली, "काहून रडता जी? गाडी बिघडली काय?"

"नाई. गाडी चांगली आहे. माझी बायको बसत होती तिथं, काटा वाचाले."

"कुठं गेली?"

"वारली."

"माया घरचाबी गेला," हिरीबाई म्हणाली. "बारा वर्सं झाली." आणि एवढ्यावर तो विषय दोघांपुरता संपला.

पाणी पिऊन जमशेदनं तोंड पुसलं. "आता असं करा. काटा ठिपक्यावर आला की 'पुरे' म्हना. बस दिसली त बसच म्हना, मी आयकनार नाई."

मग काम झालं. अर्धा आटा, चढ, काटा ठिपक्यापासून लांब. अर्धा आटा, चढ, धूर पाहिला, स्वच्छ. पाण्याचा काटा जागेवर. अजून अर्धा. मधे दोन एसट्या गेल्या, हिरीबाईनं दोन्हींना बस म्हटलं, जमशेदचा पाय दोन्ही वेळा शिवशिवला आणि त्यानं तो दाबूनच ठेवला. शेवटच्या चढावर वरच्या टोकाशी ती सावकाश म्हणाली, "पुरे." त्यानं पाय उचलला. नटाला रंगाची रेघ मारली, म्हणजे कोणी फिरवला तर दिसेल. जीप अशी ओढत होती की हिरीबाईसुद्धा म्हणाली, "पाहा नं, हे झालं काम."

धनराज आला तेव्हा जमशेदनं त्याला बजावलं. घाट चढून आला की लगेच चावी नाही फिरवायची, दोन मिनिटं थांबायचं. ऑइल वेळेवर. दांडीला हात लावायचा नाही. "अति तिथं माती, सांगून ठेवतो." धनराज हो चाचा, हो चाचा करत होता. तो गाडीत बसता बसता म्हणाला, "तांड्यावर अजून तीन गाड्या आहेत, चाचा. पाठवू काय?"

"पाठव," जमशेद म्हणाला.

जीप गेल्यावर त्यानं हात धुतले आणि अजून उजेड होता तेवढ्यात आयतला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

"अब्बा, मी बोलते परवेजशी, तुम्ही मनाला—"

"नको बोलू. मी येत नाई. टर्बोचं काम आलं, अजून तीन गाड्या येऊन राह्यल्या."

"अच्छा?" ती म्हणाली, आणि लगेच, "चांगलं झालं, अब्बा. खूप चांगलं झालं. तुमचं मन तिथंच लागतं." तिचा आवाज दुपारपेक्षा कितीतरी हलका होता. मग ती बरंच बोलली, पोरांचं, दुकानाचं, गोळ्या संपल्या असतील त्याचं. जमशेद ऐकत होता. मधेच तिला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "अन् त्या पेट्या राहू दे खोलीत, उगाच हलवू नका."

"कोणत्या पेट्या?" आयतनं विचारलं.

जमशेद शेडच्या दाराशी उभा होता. रस्त्यानं शेळ्या घेऊन एक बाई चालली होती, ती पूर्ण पुढं जाईपर्यंत तो तिच्याकडं पाहत राहिला. दुपारी आपणच पेट्यांचं सांगितलं होतं, हे पलीकडं आयतच्याही ध्यानात आलं असावं.

"काही नाई, बेटा," तो म्हणाला. "जेवून घे तू."