टाचा जवळ घ्या, अब्बा

मी पुण्याला निघाले त्या दिवशी राळेगावच्या स्टँडवर अब्बा माझ्या बॅगेपुढे उकिडवे बसले होते. बॅगेची चेन ऐन वेळी बिघडली होती. त्यांनी गॅरेजमधून आणलेली ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी तिच्याभोवती आवळून बांधली, आणि बसल्या जागेवरून बॅग खांद्यावर घेऊन सरळ उठून उभे राहिले. "तिकडं कोनाले भेऊ नोको. अन् पानी पीत जाय," एवढंच म्हणाले. आमच्या घरात हिंदी-उर्दू चालते, पण जन्मभर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त करून अब्बांच्या जिभेवर वऱ्हाडी बसली आहे. मन भरून आलं की तीच निघते.

त्या उठण्याला काही नाव असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. आता मी ज्या लॅबमध्ये काम करते तिथे त्याला हिप एक्स्टेंशन म्हणतात. वाकलेला खुबा सरळ होणं. खेळाडू येतात. मी त्यांच्या नितंबांवर आणि मांडीच्या मागे इलेक्ट्रोड चिकटवते. ते डेडलिफ्ट करतात, म्हणजे वाकून जमिनीवरचं वजन उचलतात, बाकाला पाठ टेकून वजन कमरेनं वर ढकलतात, जमिनीवर उताणे झोपून कंबर उचलतात, आणि कोणत्या व्यायामात कोणता स्नायू किती जागा होतो ते मी पडद्यावर बघते. राळेगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या फुफीनं, अब्बांच्या बहिणीनं, हे ऐकल्यावर कपाळाला हात लावला होता. "एवढी शिकली, अन् लोकायच्या ढुंगनाले वायरी लावून राह्यली!"

गावात राहिलेल्यांना वाटतं, बाहेर पडलेले सुखात आहेत. बाहेर पडलेल्यांना विचारा. घामानं इलेक्ट्रोड सुटतात, पुन्हा चिकटवायचे. आलेख बिघडतात, पुन्हा मोजायचं. खोलीवर येऊन कुकर लावला की एका माणसाचा भात हमखास उरतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच फोडणीला टाकताना जीव नकोसा होतो. राळेगावात आमच्याकडे भात कधी उरल्याचं मला आठवत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी अब्बा ट्रॅक्टरवरून घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं. वॉकर आला, मग काठी आली. नमाज खुर्चीवर सुरू झाली; कपाळ जमिनीला टेकवायचा सजदा आता जमत नव्हता. मी म्हटलं, आता गॅरेज पुरे, पुण्याला चला. काळजी होतीच, पण त्याहून मला ते माझ्याजवळ हवे होते. संध्याकाळी दार उघडल्यावर आतून कुणीतरी खोकलेलं हवं होतं.

 एकदा अब्बा फोनवर म्हणाले, "खुर्चीवर नमाज होते, मले मालूम हाय. पन मले सजद्यातून उठाचं हाय. ट्रॅक्टरखालून उठाचं हाय. ईदेपर्यंत कोनाचा हात न धरता जमिनीवरून उठलो, तर इथंच राहीन. नाही उठलो, तर गॅरेजले कुलूप. तू म्हनशीन तिथं येतो." मग म्हणाले, "आता तूच सांग, काय करू?"

म्हणजे त्यांना उभं करायचं कामही माझ्याकडेच आलं.

डॉक्टरांची परवानगी होती. मी त्यांना सोपा ब्रिज दिला: उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे, कंबर उचलायची. ते रोज करत होते, पण उठणं काही जमत नव्हतं. "मांडीत गोळे येऊन राह्यले," म्हणायचे. एका रविवारी फुफीनं फोन आडवा धरून मला दाखवलं, आणि बघताक्षणी माझ्या लक्षात आलं. पाय फार लांब ठेवले होते. तसे ठेवले की भार मांडीच्या मागच्या स्नायूंवर जातो आणि उठायला लागणारे नितंबांचे स्नायू झोपलेलेच राहतात. असे आलेख मी रोज बघते.

 फुफी विचारत होती, "दिसून राह्यलं ना?" दिसत होतं. मी काही बोलले नसते तर ईदेनंतर अब्बा माझ्या खोलीत असते, हेही दिसत होतं. त्यांच्यासाठी खिडकीजवळची जागा मी कधीच मोकळी करून ठेवली होती. पडद्यावर ते दातओठ खात कंबर उचलत होते आणि चेहरा लालबुंद झाला होता.

"टाचा जवळ घ्या, अब्बा," मी म्हटलं. "अजून जवळ. आता टाचांनी जमीन दाबा."

त्यांनी कंबर उचलली. "अरे," ते म्हणाले, "हे तं येगळंच हाय."

ईदेला मी घरी गेले. दुपारची नमाज त्यांनी घरात, जानमाज अंथरून पढली. खुर्ची भिंतीशी तशीच होती. सजद्यातून वर येताना ते मध्येच थांबले, फुफीनं तोंडाला पदर लावला, आणि मग ते हळूहळू, पण कुणाचा हात न धरता उभे राहिले. मला आनंद झाला, खरंच झाला. मग मी आत जाऊन शीरखुर्मा ढवळत बसले. तो केव्हाच झाला होता.

परतीच्या दिवशी स्टँडवर ते पुन्हा पट्टी घेऊन आले. "या बॅगेची चेन धड आहे, अब्बा."

"राहू दे. बांधू दे मले."

ते खाली बसले. हात पुढे करायचा नाही म्हणून मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळून धरले. गाठ मारून त्यांनी टाचा जवळ घेतल्या आणि उठले.

पुण्यात येऊन आठवडा झाला. खिडकीजवळ आता मी कपडे वाळत घालते. घर कुठलं, असं कुणी विचारलं की राळेगाव सांगते. तिथे कुणीतरी माझ्यासाठी खाली बसतं आणि मी निघून गेल्यावर आपलं आपण उठतं. ते उठणं मीच शिकवलं, म्हणून तक्रारही करता येत नाही. बॅग कोपऱ्यात आहे. पट्टी अजून सोडलेली नाही.