कुत्र्यानं काल काय खाल्लं?

सगुणाबाई गेल्याची बातमी तिच्या शेजारणीनं दवाखान्याच्या खिडकीशी येऊन सांगितली, तेव्हा मी औषधाच्या बाटल्यांवर मात्रेच्या खुणांचे कागद चिकटवत होतो. अंगणात सडा टाकताना पडली, एक अंग लुळं झालं, दुसऱ्या दिवशी संपली. आतून डॉक्टरसाहेब म्हणाले, "ब्लडप्रेशर. गोळ्या घेतल्या नसतील. ही माणसं हलगर्जीच." आणि त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं. दीड महिना झाला, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. हलगर्जी म्हणे... बारा वर्षं त्या बाईनं हा दवाखाना झाडला, रोग्यांची ओकारी उचलली, आणि जी गोष्ट आम्हां शिकलेल्यांना कधी कळली नाही ती एका प्रश्नात शोधून काढली.

आमचा दवाखाना ब्रह्मपुरीहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी तिथला कंपाउंडर, ती तिथली दाई, म्हणजे झाडलोटीची बाई, तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या नव्यानंच येऊ लागल्या होत्या. डॉक्टर छापील कागद वाचून दाखवत : दूध घ्या, फळं खा, मीठ सोडा. मी पुडी बांधून म्हणायचो, जेवल्यावर घ्या. एकदा सोमाजी नावाचा म्हातारा महिन्याची पुडी जवळजवळ तशीच परत घेऊन आला. डॉक्टर त्याच्यावर खेकसले. म्हातारा मान खाली घालून उभा. बाहेर आल्यावर सगुणाबाईनं त्याला बाकावर बसवलं आणि विचारलं, "सोमाजीभाऊ, तुमच्या कुत्र्यानं काल काय खाल्लं?"

मला हसू आलं होतं, हे कबूल करतो. सोमाजी म्हणाला, "तो कुठी घरी राह्यते आता. पाटलाच्या दारी जाते."

"मंग गोळी काऊन नाई घेतली?"

"भाऊनं सांगतलं ना, जेवल्यावर घ्याची. जेवनच नाई झालं त घेऊ कशी?"

भाऊ म्हणजे मी. आमच्याकडे पोटाबद्दल कोणी खरं सांगत नाही. जेवलात का म्हटलं की दोन दिवसांचा उपाशी माणूसही "झालं" म्हणतो, वर पोटावरून हात फिरवतो. पण कुत्र्याबद्दल खोटं बोलायचं कोणाला सुचत नाही. घरात भात शिजला तर घास कुत्र्यालाही पडतो. नाही शिजला तर ते दुसऱ्याचं दार धरतं. त्या दिवसापासून ब्लडप्रेशरचा रोगी आला की बाई आधी कुत्र्याची चौकशी करायची. कोंबडी, मांजर, जे असेल त्याची. आणि मला खिडकीतून सांगायची, "कंपाउंडरभाऊ, याच्या घरी चूल नाई पेटली."

एके दिवशी ती सरळ डॉक्टरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "साहेब, गोळी देण्याआधी घरी खायाले हाये का, येवढं इचारत जा. नुसती पेज पेते मानूस, मीठ सोडलं त घशाखाली उतरंल कशी?" डॉक्टर म्हणाले, "हा दवाखाना आहे, अन्नछत्र नव्हे." ती हलली नाही. "मंग उपाशी पोटी गोळी चालते का नाई, तेवढं त सांगा." डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. पुढच्या महिन्यात तिचं वय झाल्याचं कारण काढून तिला घरी बसवलं. मी तिथंच उभा होतो, हातात चिमटा घेऊन. डॉक्टरांवर मी आज एवढा चिडतो, पण त्या दिवशी एक शब्द काढला असता तर माझं काय जाणार होतं?

तिचं स्वतःचं ब्लडप्रेशर चढलेलं आम्हांला ठाऊक होतं. मी दर महिन्याला पुडी घेऊन तिच्या घरी जायचो आणि मोठा उपकार केल्यासारखा परतायचो. ती भाताच्या रोवणीला जायची. रोवणी संपली की कोणाच्या हाताला काम नसतं. "जेवण झालं का, बाई?" "झालं, भाऊ." "गोळी जेवल्यावर घ्या." "हो, भाऊ." भादव्यात तिचा तांबडा कुत्रा रोज दिवेलागणीला आमच्या दारी येऊ लागला. बायको त्याला भात टाकायची. मी बाईची थट्टाही केली, "तुमचा कुत्रा आमच्याकडे पाहुणचार घेऊन राह्यला." ती हसली. "त्याले तुमच्या घरचा भात गोड लागते, भाऊ."

रोज खिडकीतून तिचा प्रश्न ऐकलेला माणूस मी. तरी हसलो, आणि घरी आलो.

तिच्या दिवसांना गेलो तेव्हा कौलाखालची टोपली शेजारणीनं माझ्यापुढे ठेवली. तीत माझ्या हातच्या पुड्या होत्या. कुठल्या पुडीतल्या चार गोळ्या गेलेल्या, कुठल्या सहा. ज्या दिवशी ती जेवली, त्याच दिवशी तिनं गोळी घेतली होती. आमच्या दवाखान्याचं इतकं तंतोतंत कोणीच ऐकलं नसेल. त्या पुड्या मी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ओतल्या. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, सगुणाबाईचा हलगर्जीपणा.

आता खिडकीत मी प्रत्येकाला कुत्र्याचं विचारतो. असले प्रश्न विचारू नका म्हणून डॉक्टरांनी दोनदा बजावलं, बजावू देत त्यांना. पण संध्याकाळी घरी जायला पाय निघत नाही. तांबडा अजून येतो, उंबऱ्याशी बसून वाट पाहतो. बायको म्हणते, बाई तर गेली, मग हा अजून इथं कशाला येतो?

जेवायला येतो. तेव्हाही जेवायलाच येत होता.