मांगं कोन?

घुग्घुसला मुलाकडं राहत होतो तेव्हाची एक दुपार. बाहेर कोळशाच्या ट्रकांची धूळ, म्हणून खिडक्या बंद... आणि आत कॉम्प्युटरवर मेलेली माणसं चालत होती.

वीसेक वर्षं होत आली याला. मी सातवीपर्यंत शिकलेला, आलापल्लीच्या लाकूड डेपोत आयुष्य काढलेला माणूस. मला त्या डब्याची आधीपासूनच भीती... व्होल्टेज वाढून पेट घेईल, पोरीचे डोळे जातील, शेजारी काय म्हणतील.

पोरगी म्हणजे माझी भाची, सुशी. त्या वर्षी मोहफुलं वेचून परत येणाऱ्या बायकांवर अस्वल आलं होतं.

आमच्याकडं जंगलातून येताना एकामागं एक चालतात. पुढची बाई मधूनमधून हाक देते, "मांगं कोन?" सगळ्यात शेवटची म्हणते, "मी आहो." जंगलात नाव घेत नाहीत. उत्तर आलं नाही, तर सगळ्यांनी थांबायचं आणि मागं वळायचं.

त्या दिवशी पुढं सुशी होती आणि शेवटी तिची आई, माझी बहीण यमुना. मागून उत्तर आलं नाही... आणि सुशी पळाली. बाकीच्या बायकांनी आरडाओरडा करून अस्वल हाकललं, यमुना वाचली. पण गाल आणि खांदा फाटला तो फाटलाच.

यमुनानं लेकीला एका शब्दानं विचारलं नाही. सुशीला तेच सोसेना. आईसमोर बसून जेवेना, तिच्या तोंडाकडं बघेना. शेवटी यमुनाच मला म्हणाली, "भाऊ, घेऊन जा इले काही दिवस. माह्याकडे पाहतच नाई."

काही दिवसांचे कित्येक महिने झाले. घरी जायचं नाव काढलं की सुशी उठून आतल्या खोलीत जायची. मला एकच धास्ती... ही कायमची इथंच राहील आणि माझी बहीण तिकडं वाट बघत म्हातारी होईल.

त्यात मुलानं कुठून तरी गेमची सीडी आणली. बंद पडलेला दवाखाना, अंधार, भिंतीआडून निघणारे मुर्दे. आधीच घाबरलेल्या पोरीला हे कशाला, म्हणून मी त्याच्यावर चिडलो. पण सुशी त्यात रमली... आणि हळूहळू मीही ताटात लाखोळीची डाळ घेऊन तिच्या मागं बसायला लागलो. डाळ निवडणं हे निमित्त.

त्या गेममध्ये एक चौकीदार होता. लोखंडी शटर खाली येत असतं, ते तो पाठीवर तोलून धरतो आणि सगळे त्याच्या बाजूनं वाकून निघून जातात. गुडघे मोडायला येतात, पण शेवटचा माणूस सुटेपर्यंत तो हलत नाही. ते बघताना मी ताट घेऊन उभाच राहिलो होतो... डेपोत एकदा सागाचा ओंडका सुटला, तेव्हा एका हमालाला असाच खांदा लावून उभा राहिलेला पाहिलं होतं. अंगावर काटा दोन्ही वेळा सारखाच आला.

सुशी मात्र त्याच्या पुढच्या टप्प्यात अडायची. गेममधली पोरगी टॉर्च घेऊन पुढं, आणि तिच्यामागं एक लंगडणारी म्हातारी नर्स. लांब व्हरांड्यात ती नर्स पडते. बाहेर पडायचं दार समोरच असतं.

मुलगा म्हणायचा, "थे पडतेच. तिले सोडूनच जा लागते, सगळेच सोडते." सुशी दारापर्यंत पोचायची, थांबायची... आणि कॉम्प्युटर बंद करायची. रोज.

त्या दुपारी तिनं तो बंद केला नाही. दारापाशी पोचलेली ती पोरगी मागं वळली. हातात बंदूक नाही, काठीसुद्धा नाही. टॉर्चचा उजेड तोंडावर पडला की मुर्दे क्षणभर थबकायचे, तेवढाच काय तो आधार... आणि टॉर्चही मिणमिणायला लागला होता.

मी म्हणणार होतो, राहू दे बाई, दाराकडं फिर.

तेवढ्यात उजेड गेला. नर्स कुठंच दिसेना. सुशी पडद्याकडं बघत हळूच म्हणाली, "मांगं कोन?"

"मी आहो," मी म्हटलं.

तोंडातून निघूनच गेलं... जन्माची सवय. सुशीनं मान वळवली नाही. "तुमी नाई मामा, थे म्हातारी," म्हणाली आणि हसली. किती महिन्यांनी हसली असेल.

मग अंधारात कण्हणं ऐकू आलं. ती आवाजाच्या रोखानं गेली, नर्सला खांदा देऊन उठवलं, आणि दोघी दाराकडं निघाल्या. पळत नाही... नर्सच्या चालीनं, लंगडत. मागून मुर्दे येत होते. इतकी हळू चाल आणि इतकी हिंमत एका ठिकाणी मी तोवर पाहिली नव्हती. दोघींच्या मागं दार बंद झालं तेव्हा माझी सगळी डाळ फरशीवर होती.

मुलगा ड्यूटीवरून आला तर त्याला खरंच वाटेना. नर्सला वाचवता येतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. सुशी खाली बसून माझी डाळ गोळा करत होती. तशीच म्हणाली, "मामा, मले घरी नेऊन द्या."

बसमध्ये मी सारखा तिच्याकडं बघत होतो... मधेच उतरून जाते का म्हणून. गावच्या फाट्यावर यमुना उभी होती. गालावर पदर ओढून ती पायवाटेनं पुढं चालू लागली. सुशी थांबली, मला पुढं जाऊ दिलं आणि स्वतः शेवटी राहिली.

झाडी दाट झाली तशी यमुनानं, मागं न बघता, हाक दिली. "मांगं कोन?"

माझं तोंड उघडलंच होतं. ते मी मिटलं.

"मी आहो, माय."

यमुना थांबली. मागं वळली... आणि या वेळी सुशीनं नजर खाली घातली नाही.

तो गेम कोणी बनवला, कोणत्या मुलखात, मला माहीत नाही. मोहफुलं काय, अस्वल काय, त्याला ठाऊक असायचं कारण नाही. पण सगळे दाराकडंच पळणार हे माहीत असूनही त्या माणसानं व्हरांड्यात मागं फिरायची वाट ठेवली होती... त्याचे माझ्या बहिणीवर उपकार आहेत.